शपथेवर समाधान

एका पारड्यात अख्खं सरकार, दुसऱ्या पारड्यात एकटा माणूस, आणि तरीही तराजूचा काटा सरळ ठेवणारी जी अदृश्य बोटं असतात त्यांचं नाव बचावाचा वकील. हे वाक्य माझं आहे. आमच्या बँगोर शहरातल्या वकील मंडळींच्या वार्षिक जेवणात मी ते उभं राहून, डावा हात खिशात घालून म्हटलं, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला पुढचं वाक्यच आठवेना. मग मागे वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारातून लॉब्स्टरच्या पराती आत येत होत्या. लॉब्स्टर चांगला होता, मी पुन्हा मागून घेतला. तेव्हापासून टाळ्या कशाला पडतात हे आपल्याला कळतं, आपल्या कामाची आपल्याला बरोबर किंमत ठाऊक आहे, असा माझा एक आरामशीर समज झाला होता. तो समज नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी भर कोर्टात माझ्या अशिलाने, व्हर्लन हंटलीने, नुसतं गप्प राहून हलवला.

प्रश्न साधा होता. आमच्या कोर्टात खटले फारसे चालत नाहीत, मिटतात. केंद्र सरकारची वकील आणि मी आधी कुठेतरी बसून घासाघीस करतो. एवढा गुन्हा तुझा माणूस कबूल करील, तेवढी शिक्षा मी मागणार नाही, असा कागद तयार होतो. आणि मग एका सकाळी आरोपीला उभं करून न्यायाधीश शपथेवर विचारून घेतात की बाबा, तू शुद्धीवर आहेस ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना, काय कबूल करतोयस ते तुला कळलंय ना. जज एडिथ साउथर्डबाई हे प्रश्न बाराखडी म्हणावी तसे म्हणतात, आणि त्या दिवशी गाडी छान चालली होती. ‘गेल्या दिवसभरात काही औषध, दारू, गोळी घेतलीत?’ ‘रक्तदाबाची गोळी, बाईसाहेब. आणि कॉड माशाचं तेल.’ ‘त्याचा तुमच्या विचारांवर काही परिणाम?’ ‘तेलाने ढेकर येतात. विचार येत नाहीत.’ कोर्टाचं टिपण घेणाऱ्या बाईला न हसण्याचा पगार मिळतो, ती हसली नाही; पण टिपून घेतलं. ‘या कबुलीसाठी कुणी धमकी दिली?’ ‘मेहुण्याने दिलीय, पण ती बोटीच्या भांडणावरून.’ बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, मी मान हलवली, त्या पुढे गेल्या. ‘तुमचे वकील मिस्टर नॅडो यांनी तुमच्यासाठी जे काम केलं त्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’

आणि व्हर्लन गप्प.

या प्रश्नावर कुणी गप्प राहत नाही. हे म्हणजे वाटेत भेटलेल्या माणसाने ‘कसं काय?’ म्हणावं आणि आपण तिथेच थांबून खरोखर कसं काय ते आठवायला लागावं, तसं झालं. माझ्या सगळ्या नोकरीत शेकड्यांनी माणसं त्या जागी उभी राहिली आणि सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. चोरांनी म्हटलं, बनावट नोटा छापणाऱ्यांनी म्हटलं. टपालखात्याच्या एका माणसाने तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हटलं, कारण त्याला लघवीला जायचं होतं. मुळात हा प्रश्न माझ्या कौतुकासाठी नसतोच. उद्या तुरुंगात बसून आरोपीला वाटू नये की आपला वकील नालायक होता म्हणून आपण बुडालो, आणि वाटलंच तर त्याचा उपयोग होऊ नये, यासाठी आज घालून ठेवलेलं ते कुलूप आहे. कुलपाने ‘समाधानी आहात का’ म्हणावं आणि किल्लीने ‘हो’ म्हणावं, एवढाच त्यातला भावनेचा भाग. त्यामुळे पहिला क्षण मी ऐकण्याच्या गडबडीत घालवला: याने हो म्हटलं असेल, मीच ऐकलं नसेल. मग मला भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळीचा टकटक आवाज आला. टिपणवाल्या बाईची बोटं यंत्राच्या वर अधांतरी थांबलेली दिसली. ती बोटं अशी थांबलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. एखाद्या जेवणाऱ्या माणसाचा घास वाटेत थांबावा तशी ती वाईट दिसतात.

मागच्या बाकावर ट्रूडी बसली होती. व्हर्लनची मुलगी. तिने अंगातला कोट काढला नव्हता. त्या गप्प राहण्याची किंमत कुणाला पडणार हे मला वळून न पाहताही माहीत होतं. व्हर्लन ‘नाही’ म्हणाला असता, किंवा नुसतं ‘तसं सांगता येत नाही’ म्हणाला असता, तर साउथर्डबाईंनी फाइल मिटली असती, कारण असमाधानी माणसाची कबुली त्या घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कागद रद्द झाला असता. आणि दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ग्रँड ज्युरी बसणार होती, म्हणजे सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकून कुणावर आरोप ठेवायचा हे ठरवणारी नागरिकांची मंडळी. त्यांच्यापुढे जो आरोप जायचा त्यात दोन नावं होती. कागदामुळे त्यातलं एक गळालं होतं. ट्रूडी इथल्या इस्पितळात नर्स आहे, तिची स्वतःची मुलगी अजून अंगावर दूध पिते आहे. गुन्हा तिच्या नावावर लागला तर तुरुंग जाऊ द्या, पण नर्सचा परवाना पहिल्याच दिवशी गेला असता. म्हाताऱ्याने कबूल करायचं, मुलीला हात लावायचा नाही: साऱ्या कागदाचा जीव त्या एका ओळीत होता, आणि ती ओळ आत्ता व्हर्लन हंटलीच्या बंद तोंडात अडकली होती.

गुन्हा तसा पाण्यासारखा स्वच्छ. वसंतात आमच्या नद्यांच्या मुखाशी वाम माशाची पिल्लं समुद्रातून चढून येतात, बोटाएवढी, काचेसारखी. ती जिवंत धरून सोन्याच्या भावाने परदेशी जातात. आमच्या राज्यात परवाना असला तर ती धरता येतात, शेजारच्या राज्यांत बंदी. व्हर्लनकडे परवाना होता, पण त्याची नदी त्या वर्षी आटल्यासारखी झाली, म्हणून त्याने बंदीच्या राज्यातून पिल्लं आणली आणि आपल्याच नदीची म्हणून विकली. राज्याची सीमा ओलांडली की केंद्र सरकारला माशांविषयी एकदम माया वाटायला लागते. सरकारने त्याला कट म्हटलं. ‘कट कसला?’ व्हर्लन मला पहिल्या भेटीत म्हणाला होता. ‘तो पलीकडचा माणूस आणि मी एक शब्द बोललो नाही. तो टब दाखवायचा, मी मान हलवायचो.’ ‘कायद्याला मान पुरते, व्हर्लन.’ ‘मग आमच्या चर्चमध्ये तर दर रविवारी कट होतो.’ त्याच भेटीत त्याने मला एका बरणीत ती पिल्लं दाखवली होती, परवान्याची, स्वतःच्या नदीची, हे त्याने स्वतःहून सांगितलं. दोन काळे ठिपके, ते डोळे. एक दोरा, तो कणा. बाकी पाणी. मी बरणी उजेडाकडे धरून पाहिली आणि मला वाटलं की आरपार दिसणाऱ्या जिवाच्या मनात काय आहे हे तर अजिबातच कळत नाही. आता तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता, मान किंचित पुढे, तोंड जरासं उघडं, चेहरा तांबूस, आणि मला पुन्हा तेच वाटत होतं.

मी शोधायला लागलो. माणूस आपले खिसे चाचपतो तसं. आपण काय केलं याचं? पहिला महिनाभर मी त्याला व्हर्नन म्हणत होतो. त्याने ते सुधारलं नव्हतं. शेवटी ट्रूडीने सुधारलं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा मुलीने आणलेले डोनट मी एकट्याने संपवले होते. पण एवढ्याने कुणी गुन्ह्याची कबुली थांबवत नाही, निदान आमच्या भागात नाही. मग माझा हात खिशातल्या त्या एका गोष्टीला लागला, जी तिथे आहे हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं आणि म्हणूनच मी बाकीचे खिसे आधी चाचपत होतो.

सेंट ब्रेंडन चर्चच्या तळघरात शनिवारी जेवण असतं. काकवीत मुरलेला घेवडा, तपकिरी पाव, लाल सॉसेज, आणि बायकांनी घरून आणलेले केक. सरकारी वकील मार्गो थेरियो त्याच चर्चची, मीही. ती वाढायला असते, मी केक कापायला. आमच्या धंद्यातली निम्मी घासाघीस कचेरीत होते, उरलेली अशी. त्यातली रीत अशी की नाव घ्यायचं नाही आणि काही खरं आहे असं म्हणायचं नाही. मी माझ्या अशिलाबद्दल खरं बोललो तर ते उद्या त्याच्यावरच उलटेल, म्हणून सगळ्या गोष्टीच्या पुढे एक ‘समजा’ लावायचा. ‘समजा’ या शब्दावर मी घर बांधलंय आणि दोन मुलं शिकवलीत.

‘समजा,’ मी ब्लूबेरीच्या केकवर सुरी ठेवत म्हणालो, ‘एक म्हातारा आहे.’

‘म्हातारे पुष्कळ आहेत.’ मार्गो वाडगे भरत होती. ‘इथेच बघ की, रांग लागलीय.’

‘समजा याला एक मुलगी आहे.’

‘समजा त्या मुलीने पिकअप चालवली.’

‘समजा मागे काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.’

‘समजा मागे पाण्याच्या पिशव्या होत्या, हवेचा पंप होता, आणि तो दीड राज्यभर तिच्या मानेमागे बुडबुड करत होता. फादर, आणखी घेवडा?’

‘समजा तिला वाटलं, बाबांनी मत्स्यालय काढलंय.’

मार्गोची पळी हवेत थांबली. ‘फिल, हे तू ज्युरीसमोर उभं राहून सांगशील?’

‘समजा नाही.’

आम्ही दोघं हसलो. चांगलं पोट धरून हसलो. फादरही हसले, त्यांना काही कळलं नव्हतं. आणि मी डोळे पुसून वर पाहिलं तर जिन्याच्या पायथ्याशी ट्रूडी उभी होती, नर्सच्या कपड्यांत, इस्पितळातल्या मैत्रिणीबरोबर जेवायला आलेली. तिच्या वडिलांना तुरुंगात पाठवू पाहणारी बाई आणि तिच्या वडिलांना वाचवणारा माणूस एकाच टेबलामागे उभे राहून हसत होते. ती जेवली नाही. मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलली आणि वर निघून गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. केक अर्धा कापलेला होता, आणि ‘आम्ही तुझ्यासाठीच हसत होतो’ हे वाक्य जिन्यात धावत जाऊन सांगण्यासारखं नसतं.

पण ते खरं होतं. त्या हसण्यातच कुठेतरी मार्गोच्या मनातलं माप थोडं हललं असणार. पुढचे कित्येक आठवडे ती आपल्या वरिष्ठांशी भांडत होती, हे मला इतरांकडून कळत होतं, तिच्याकडून नाही. तिच्या वरच्या माणसाला दोन नावं हवी होती, दोन नावं वर्तमानपत्रात बरी दिसतात. आणि मग एका सकाळी फोन वाजला. ‘समजा—’ मी सवयीने म्हणालो. ‘समजा नाही,’ मार्गो म्हणाली. ‘खरंच. पोरगी बाहेर. म्हाताऱ्याने एक आरोप पुरता कबूल करायचा, मी तुरुंग मागणार नाही, घरकैद मागीन. मंगळवारपर्यंत. बुधवारनंतर माझ्या हातात काही नाही.’ मी फोन ठेवला आणि खुर्चीच्या काठावर बसून राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं. तो आवाज मला इतका सुंदर पूर्वी कधी वाटला नव्हता. मी तिला धन्यवादसुद्धा म्हटलं नव्हतं. आमच्या धंद्यात सरकारी वकिलाला धन्यवाद म्हटलं की तिला वाटतं आपण जास्त दिलं.

तो कागद घेऊन मी व्हर्लनच्या घरी गेलो. त्याने तो सबंध वाचला, ओठ हलवत.

‘खटला लढलो तर जिंकू?’

‘समजा ज्युरीत कुणी मासेमार—’

‘समजा ठेव बाजूला. हो की नाही?’

‘नाही.’

‘मग तुझा उपयोग काय?’

‘हरण्याचा भाव ठरवणं.’

तो उठून खिडकीपाशी गेला. बाहेर त्याची बोट ताडपत्रीखाली पालथी होती. ‘ट्रूडी म्हणत होती,’ तो बोटीला म्हणाला, ‘तू आणि ती सरकारची बाई एकाच वाडग्यातून जेवत होता.’

‘एकाच वाडग्यातून नाही.’

‘पण हसत होता.’

‘हसत होतो.’

‘माझ्यावर?’

‘मत्स्यालयावर.’

‘माझ्याकडे मत्स्यालय नाही.’

‘तोच विनोद होता.’

तो हसला नाही. परत येऊन बसला, सही कुठे करायची विचारलं, केली, आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. माणसं ज्या गोष्टीचं पुन्हा नाव काढत नाहीत ती कुठे ठेवतात हे वकिलाला माहीत असतं. ती कोर्टात काढतात.

कोर्टाच्या भिंतीतली नळी टकटकत होती. हे सगळं आठवायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ खरं तर गेला नसेल, पण कोर्टातली शांतता आणि दाढदुखी यांना घड्याळ लागू नाही. माझ्या तोंडात एक शब्द आला आणि तिथेच बसला: दलाल. माझे वडील उत्तरेकडे अरूस्टुकमध्ये बटाट्याचे दलाल होते. शेतकऱ्याचा बटाटा पिठाच्या, फोडींच्या कारखानदाराला विकायचा. आईला त्या शब्दाची लाज वाटे. कुणी विचारलं की ती म्हणे, ते शेतीच्या व्यवसायात आहेत. दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर सारखाच संशय घेत, शेतकऱ्याला वाटे हा कारखान्याचा, कारखान्याला वाटे हा शेतकऱ्यांचा, आणि दोघेही ख्रिसमसला आमच्याकडे जेवायला येत. वडील पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा बटाटा वर काढत. ‘वरचे गिऱ्हाइकाने बघायचे,’ ते मला म्हणत, ‘तळाचे आपण.’ मी मोठा होऊन दलाल होऊ नये म्हणून आईने मला कायदा शिकायला पाठवलं. आता मी एकसष्ट वर्षांचा होतो, अंगावर तीन बटणांचा कोट होता, आणि एका मासेमाराच्या शांततेसमोर उभं राहून मला कळत होतं की पोतं बदललं, धंदा तोच. फक्त तळाशी हात घालायची माझी सवय मोडली होती. वर सगळीकडे ‘हो’, ‘हो’, ‘समाधानी आहे’, गोल गोल, धुतलेले. तळाला काय आहे ते कुणी काढून दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी मार्गोकडे पाहिलं. तिने पेन खाली ठेवलं होतं. तिचे दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण आपण एरवी समोरच्याच्या चेहऱ्यावर फक्त त्याची पुढची चाल पाहतो. ती घाबरली होती. माझ्याएवढीच. तिने तिच्या कचेरीत भांडून मिळवलेली ती एक ओळ, ती मुलगी, ते दूध पिणारं मूल. ते सगळं आमच्या दोघांच्या मधल्या जमिनीवर उघडं पडलं होतं आणि आमच्यापैकी कुणालाच ते उचलता येत नव्हतं. मला अगदी वेड्यासारखं वाटलं की उठावं आणि या बाईचे आभार मानावेत, आत्ता, टिपणवाल्या बाईला टिपू द्यावेत. इतकी वर्षं मी हिच्याशी भांडलो, हिने मला रडवलं, एकदा माझ्या अशिलाला हिने एवढी वर्षं आत टाकलं की मी आठवडाभर हिच्या हातचा घेवडा खाल्ला नाही. आणि तरी प्रत्येक वेळी कागदावर सही झाली की जे काही थोडं वाचलेलं असे ते हिच्याच हातातून सुटून आलेलं असे. दयाळू बाई नव्हती ती. भाव करणारी बाई होती. पण जिच्याशी भाव करता येतो अशा माणसाची केवढी कृपा असते हे ज्याला कधी भिंतीशी बोलावं लागलंय त्याला विचारा.

आणि मग ते झालं, जे मी आजही बायकोला नीट समजावून सांगू शकत नाही. मला बरं वाटायला लागलं. भीती होतीच. पण तिच्या खालून काहीतरी उबदार वर येत होतं. शेजारी उभा असलेला हा माणूस विचार करत होता. माझ्याबद्दल. शेकडो लोकांनी माझ्या कामावर शपथेवर शिक्कामोर्तब केलं आणि एकानेही ते काम डोळ्यांसमोर आणून पाहिलं नाही. हा पाहत होता. याने शपथ घेतली होती आणि याला वाटत होतं की शपथ घेतली म्हणजे खरं बोलावं लागतं. सबंध इमारतीत तेवढ्या वेळापुरता असा तो एकटाच असावा. तो ‘नाही’ म्हणाला तर ट्रूडी बुडणार होती, आणि मी मनातल्या मनात ज्याला त्याला साकडं घालत होतो की म्हण, बाबा, ‘हो’ म्हण. पण त्याच्याच मागे एक दुसरा, लहान, निर्लज्ज आवाज म्हणत होता: सावकाश. घाई करू नकोस. नीट बघ.

‘मिस्टर हंटली?’ साउथर्डबाई म्हणाल्या. ‘प्रश्न समजला का?’

‘समजला, बाईसाहेब.’ व्हर्लनचा आवाज घोगरा होता. ‘विचार करायला परवानगी आहे ना? आधीचे प्रश्न भरभर गेले म्हणून विचारतो. ते सोपे होते.’

‘आहे. वेळ घ्या.’

‘समाधानी म्हणजे खूश?’

‘खूश असायलाच हवं असं नाही. त्यांनी तुमचं काम नीट केलं असं तुम्हाला वाटतं का, एवढंच.’

‘तेच. खूश कसा असणार, मी गुन्हा कबूल करतोय.’ त्याने घसा खाकरला. ‘आता बघा. माझ्या पोरीने याला आणि त्या बाईंना चर्चमध्ये हसताना पाहिलं.’ त्याने बोट दाखवलं. मार्गोने नकळत कोटाची कॉलर नीट केली. ‘मला राग आला. दोन-तीन दिवस मी जेवलो नाही धड. मग माझ्या मनात आलं, मी मासा विकतो तेव्हा काय करतो? विकत घेणाऱ्याच्या ट्रकशी उभा राहतो, त्याची कॉफी पितो, त्याच्या पांचट विनोदांना हसतो. तो माझा दोस्त नसतो. पण ज्याचं गिऱ्हाइकाशी बोलणं बंद, त्याचा मासा टबात मरतो. हा माझ्यासाठी हसला नसता तर पोरगी आज तिथे मागे बसली नसती, इथे माझ्या शेजारी उभी असती. मी विचारलं तेव्हा हा खोटं बोलला नाही. हसलो म्हणाला. आणि जिंकू का विचारलं तेव्हा नाही म्हणाला. मला आतापर्यंत सरळ नाही कुणी म्हटलं नव्हतं, बँकेनेसुद्धा.’ त्याने कॉलरमध्ये बोट फिरवलं. ‘तर हो. समाधानी आहे. पण—’

कबुलीच्या वेळी ‘पण’ म्हणजे जहाजाला भोक. मार्गोचा हात पेनावर गेला. मागे बाक करकरला.

‘पण काय, मिस्टर हंटली?’

‘पण हा कागद वाचताना नाकातल्या नाकात गुणगुणतो. मला ते आवडत नाही. शपथ घेतलीय म्हणून सांगितलं.’

साउथर्डबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘नोंद झाली. त्या गुणगुणण्यामुळे तुम्हाला कागद समजण्यात काही अडचण आली?’

‘एकदा आली. मग मी त्याला बाहेर पाठवून परत वाचला.’

‘हे खरं आहे, मिस्टर नॅडो?’

‘खरं आहे, बाईसाहेब,’ मी म्हणालो. ‘मी ओसरीत उभा होतो.’

मग उरलेले प्रश्न झाले, गुन्हा वाचून दाखवला, व्हर्लनने स्वच्छ शब्दांत मान्य केला, अगदी मान हलवण्यासकट; आणि साउथर्डबाईंनी सांगितलं की ही कबुली समजून उमजून, स्वखुशीने दिलेली आहे आणि कोर्ट ती स्वीकारत आहे. शिक्षेची तारीख पुढची पडली. ट्रूडीने बाहेर येऊन वडिलांना मिठी मारली, मग थोडं अडखळून माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि गाडी दारापाशी आणायला पळाली. मार्गो फाइल छातीशी धरून आमच्या बाजूने गेली. मी म्हटलं, ‘मार्गो, आभारी आहे.’ ती थबकली. ‘म्हणजे मी जास्त दिलं,’ ती म्हणाली, आणि चार पावलं गेल्यावर वळून, ‘आणि कुठलं गाणं असतं रे ते?’ तिच्या टाचांचा आवाज संगमरवरावरून लांब गेला, आणि मला वाटलं की ही इमारत, ही जुनी खरखरीत बाकं, हा फिनाइलचा वास, हे सगळं आपल्याला कुणीतरी फुकट दिलंय आणि आपण आजवर त्याची पावतीसुद्धा दिली नाही.

आम्ही दोघंच उरलो. व्हर्लन भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटलेले, चेहरा अजून तांबूस. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि या वेळी ‘समजा’ न लावता. ‘व्हर्लन,’ मी म्हणालो, ‘एवढी वर्षं मी तो प्रश्न ऐकतोय. लोक हो म्हणतात आणि पुढे जातात. थांबून विचार केलास तो तू पहिलाच. तुला कल्पना नाही की मला, म्हणजे माझ्या कामाला—’

‘अर्धाच वेळ विचार करत होतो,’ तो डोळे न उघडता म्हणाला. ‘उरलेला अर्धा वेळ श्वासच लागत नव्हता. सकाळी तू हा टाय बांधलास ना, बाबा, तो जरा सैल करून दे.’